‘रीसेट’: कोकेनच्या व्यसनावर डॉक्टरने लिहून द्यायचे ॲप

कोकेनच्या व्यसनावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्य केलेले एकही औषध नाही, ही गोष्ट ‘रीसेट’ची पारख करण्याआधी ध्यानात घ्यायला हवी. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या या मोबाइल ॲपला त्याच प्रशासनाने सप्टेंबर २०१७ मध्ये परवानगी दिली. बाह्यरुग्ण उपचारांच्या जोडीने ते १२ आठवडे वापरायचे असते. दारू, गांजा व इतर उत्तेजकांच्या व्यसनातही ते चालते. अफूजन्य पदार्थांसाठी मात्र ते नाही.

व्यसनाचा मोह कसा टाळावा हे शिकवणारे त्यातले धडे उपयुक्त असले तरी काहीसे शाळकरी आहेत. खरी ताकद बक्षिसांत आहे. धडा पूर्ण झाला किंवा लघवीच्या तपासणीत अमली पदार्थ आढळला नाही, की पडद्यावरचे चक्र फिरवायला मिळते आणि त्यातून कधी शाबासकी, कधी गिफ्ट कार्ड निघते. हे जत्रेतल्या सोडतीसारखे वाटेल, पण त्यामागचे शास्त्र पक्के आहे. मज्जापेशीने सोडलेले डोपामिन, म्हणजे बक्षिसाची ओढ लावणारे मेंदूतले रसायन, परत आत घेणाऱ्या प्रथिनालाच कोकेन अडवते, त्यामुळे मेंदूच्या न्यूक्लिअस अकम्बन्स या भागात डोपामिन साचून राहते. दीर्घकाळच्या सेवनाने डोपामिनचा संदेश टिपणारे पेशींवरचे डी-२ ग्राही कमी झाले, की जेवण, माणसे, काम यांतली गोडी ओसरते, आणि पूर्वी जिथे नशा केली ती खोली नुसती दिसली तरी ओढ उसळते. अशा मेंदूला सहा महिन्यांनी सुधारणाऱ्या तब्येतीचे आमिष पुरत नाही. आज हाती पडणारे छोटे बक्षीस मात्र त्याला खेचू शकते, हे व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी १९९०च्या दशकात कोकेनच्या रुग्णांना व्हाउचर देऊन दाखवले होते.

परवानगीसाठी ३९९ रुग्णांची चाचणी विचारात घेतली गेली. ॲपची जोड मिळालेल्यांत व्यसनापासून दूर राहण्याचे प्रमाण ४०.३ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १७.६ टक्के होते. फरक मोठा आहे. तथापि चाचणीत वापरली गेली ती संगणकावरची आवृत्ती, आणि कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांपासून लपवलेले नव्हते, म्हणून मी हे आकडे थोडे हात राखूनच वाचतो.

विमा कंपन्या पैसे देण्यास फारशा राजी नव्हत्या. निर्माती पेअर थेरप्युटिक्स एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढे हे ॲप परस्यूकेअरने विकत घेतले. ज्या केंद्रात लघवीची तपासणी नियमित होते आणि तिचा निकाल लगेच नोंदवला जातो, तिथेच ते घ्यावे. तपासणीविना उरतात ते केवळ धडे, आणि तेवढ्यासाठी चिठ्ठी लिहून घेण्याचे कारण मला दिसत नाही.