घरघंटी: होळीच्या आठवड्यात दमवून पाहिली

घरघंटी घरात येऊन फाल्गुनात वर्ष झालं. दुकानात दोन वाट्या गहू दळून दाखवतात, त्यावरून काही कळत नाही. ती कळते होळीच्या आधीच्या आठवड्यात, म्हणून लिहायला इतके दिवस थांबलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक अश्वशक्तीची मोटार, आत गरगर फिरणारी पाती, खाली जाळी आणि पिठाचा डबा. मी दुकानात पाहिल्या त्या सगळ्यांच्या पोटात हेच होतं, वरचं कपाट तेवढं वेगळं.

आम्ही दोघंच, साताऱ्यात. मी वीज मंडळात ३४ वर्षं काढली, ही झेडपीच्या शाळेत होती. रिटायर माणसाला वेळच वेळ असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी फाल्गुनात आमच्याकडे आठ दिवस राहून बघावं. पापड याच दिवसांत, चटणीच्या मिरच्या याच दिवसांत, नवा गहू यायच्या आत कोठीतला जुना संपवायचा, त्यात एकादशी आणि वर पोळ्या. सकाळी 'चार भिंती'च्या टेकडीवर फिरून आलो की साडेनवापासून आम्ही ड्युटीवर.

आधी तक्रार. यंत्र बसवायला आलेल्या पोराने तीन पिनांचा मोठा प्लग काढला आणि कन्व्हर्टर लावून स्वयंपाकघरातल्या साध्या सॉकेटात घालायला निघाला. मी हात धरला. मोटार सुरू होताना करंट कितीतरी पटीने ओढते. साधं सॉकेट आज नाही तर महिन्याने काळं पडणार. पॉवर प्लग आणि नीट अर्थिंग नसेल तर आधी वायरमन बोलवा, मग घंटी. पोरगं म्हणालं, "काका, सगळे असंच लावतात." तेच तर दुखणं आहे.

आता आठवडा. गिरणीत गेलं की आपण विचारतो ना, "आधी काय लावलं होतं?" ज्वारीवर गहू नको, हरभऱ्यावर तांदूळ नको. घरात तो प्रश्न स्वतःलाच विचारावा लागतो, आणि त्यावर आमच्या हिने अख्ख्या आठवड्याचं वेळापत्रक बांधलंय. सोमवारी मी ब्रशने घंटी आतून झाडायची, मग पहिली उपवासाची भाजणी, कारण बुधवारी एकादशी. तिच्यामागून तांदूळ. मंगळवारी पापडाची उडदाची डाळ, गुरुवारी गहू, शुक्रवारी ज्वारी आणि सगळ्यात शेवटी थालीपिठाची भाजणी, कारण तिचा धन्याजिऱ्याचा वास दोन दिवस जात नाही. शाळेचं टाइमटेबल लावायची सवय अशी कामाला आली.

उडदाला सगळ्यात बारीक जाळी. आमच्या घंटीत नंबर वाढेल तशी भोकं मोठी. बारीक जाळीवर दोन किलो डाळीला इतका वेळ लागला की मी तेवढ्यात गच्चीवरच्या मिरच्या परतून आलो. पीठ मात्र फक्कड. भजनी मंडळातल्या चौघी लाटायला आल्या होत्या, त्यांनी चिमटीत धरून पाहिलं आणि दोघींनी लगेच किंमत विचारली.

गुरुवारी दहा किलो गहू, दीड तास. आवाजाचं खरं सांगतो: मिक्सरपेक्षा कमी, पण मिक्सर दोन मिनिटं चालतो. शेजारी तान्हं बाळ आहे, म्हणून दुपारी लावत नाही. गहू निवडूनच टाका. आमच्या जुन्या गव्हात चार खडे निघाले. एखादा पात्यात गेला असता तर काय वाजतं ते आम्ही दिवाळीत ऐकलंय.

शुक्रवारी गाडी अडली. भाजणी भाजून परातीत पसरली होती, वरून कोमट लागत होती. पंचांगातला मुहूर्त टळत असल्यासारखी मी घाई केली आणि टाकली. पाच मिनिटांत आवाज जड झाला, मग बंद. ही आतून म्हणाली, "अहो, लाइट गेली का?" लाइट होती. ओव्हरलोडच्या स्विचने मोटारीची वीज तोडली होती. दार उघडलं तर जाळीवर ओल्या मातीचा लेप द्यावा तसं पीठ बसलेलं. ढिगाच्या पोटात वाफ होती ना. जुन्या टूथब्रशने एकेक भोक मोकळं करत अर्धा तास गेला. मोटार थंड झाल्यावर बटण दाबलं, सुरू. यात दोष माझा, यंत्राने उलट स्वतःला वाचवलं. भाजणी पार गार झाल्याशिवाय टाकू नका, आणि तीळ-शेंगदाणे तर नाहीच.

मिरच्या आम्ही हिच्यात घालत नाही. मसाला दळता येतो असं दुकानदार सांगतो, पण मग आठवडाभर पोळीला खाट येईल. शनिवारी पिशव्या उचलून डंकावर गेलो, शिंकत दोन तास नंबर लावला. त्याला पर्याय नाही, आणि कांदा-लसणाच्या चटणीला डंकच हवा.

पैसे वाचतात म्हणून कुणी घेत असेल तर घेऊ नये. आमच्या गल्लीतली गिरणी किलोला ७ रुपये घेते, वीज किलोला साधारण रुपयाची जाते. महिन्याला २० किलो दळण धरलं तर वर्षाला १,४४० रुपये वाचतात. घंटी पडली २१,५००ला. म्हणजे वसूल व्हायला १५ वर्षं. मी आज ६६ वर्षांचा आहे. थोडक्यात, सहस्रचंद्रदर्शनाला फिटेल.

घ्यायची ती ज्वारीसाठी. गिरणीतून एकदम आठ किलो आणायचो, पंधरा दिवसांत पीठ विरी जायचं, भाकरी थापताना कडेने चिरायची आणि जेवताना दोघांचीही तोंडं उतरायची. आता दर चार दिवसांनी दीड किलो, लागेल तेवढंच. मालदांडीचं ताजं पीठ, त्याची भाकरी परातीत गोल फिरते आणि तव्यावर टम्म फुगते. जात्याच्या काळातल्या माझ्या आईलाही नाव ठेवता आलं नसतं. पोळ्यांच्या बाबतीत मात्र हिचं मत वेगळं आहे: गिरणीच्या दगडावरची कणीक अजून मऊ लागते म्हणते. होळीच्या पुरणपोळ्यांची कणीक घरचीच होती, दोनदा चाळून घेतली तेव्हा जमली.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक त्या कन्व्हर्टरवाल्या पोराचा कापला. हिने साडेतीन दिलेत. अर्धा कशाचा विचारलं तर म्हणाली, घंटीखालचं पीठ पुसायला तुम्ही कधी वाकलात का?