देवपुरातले प्लंबरदादा आणि आमचं रुसलेलं सोलर: पाचपैकी चार तारे

डिसेंबरातली धुळ्याची थंडी इथं राहणाऱ्यालाच कळते. त्यात आमचं पाणी तापवायचं सोलर दिवाळीपासून रुसलेलं. दोनशे लिटरची टाकी, वीस काचेच्या नळ्या, रोज लख्ख ऊन, आणि नळाला येतं ते जेमतेम कोमट. घरी भरताची पार्टी झाली त्या रात्री तेलकट पराती धुवायला गॅसवर पातेलं चढवावं लागलं.

आधी जिथून सोलर घेतलं होतं त्यांचा माणूस आला. पाच मिनिटं गच्चीवर उभा राहिला. "नळ्या गेल्या, टाकीही गेली, नवीनच बसवा," म्हणाला. अडतीस हजारांचा आकडा टाकला, चहा प्यायला आणि गेला.

मग शेजारच्या वहिनींनी या प्लंबरदादांचा नंबर दिला. बुधवारी येतो म्हणाले, उगवले शुक्रवारी. एक तारा तिथंच गेला.

पण आल्यावर पान्याला हातही लावला नाही. आधी प्रत्येक नळीचं बंद टोक पुसून बघितलं. तिथं चंदेरी मुलामा असतो, नळी फुटून आत हवा शिरली की तो पांढरा पडतो. वीसपैकी एकच पांढरी निघाली. मग टाकीजवळचा गरम लाइनीचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला आणि मला खाली बाथरूममध्ये गरम नळ सोडायला लावला. थोड्या वेळात धार थांबायला हवी. मी शंभरपर्यंत मोजलं, धार तशीच, आणि गारढोण.

म्हणजे थंड पाणी कुठून तरी गरम लाइनीत घुसत होतं. सापडलं वरच्या बाथरूमच्या मिक्सरमध्ये. लेकानं त्याला जेट जोडलेला, मिक्सरचे दोन्ही नळ कायम उघडे, पाणी अडतं ते फक्त जेटच्या खटक्यावर. थंड लाइनीला प्रेशर पंपाचा जोर, गरम लाइनीला नुसता टाकीच्या उंचीचा. साहजिकच थंड पाणी गरमाला मागं रेटत होतं. नळ बंद केले, मिक्सरच्या मागे एकेक एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, टाकला, पाणी तापून यायला लागलं. फक्त धार बारीक.

त्यावर दादा म्हणाले, "ताई, वर पानी तापेल शे, खाले येवाले रस्ताच नही." म्हणजे वर पाणी तापलंय, खाली यायला रस्ताच नाही. आणि जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाचा हॅक्सॉनं कापलेला तुकडा माझ्या हातात ठेवला. बोअरच्या पाण्याचा वीस वर्षांचा क्षार! पाऊण इंची पाइपात कशीबशी पेन्सिल जाईल एवढं भोक, भोवती चुन्याची कडक वलयं. तो तुकडा मी शोकेसमध्ये ठेवलाय, हे हसतात.

गच्चीपासून खालपर्यंत सगळी गरम लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिक पाइपाची केली. बागेसाठी आणलेला पांढरा पीव्हीसी उरला होता, तोच वापरा म्हटलं तर सरळ नाही म्हणाले. तो गरम पाण्यानं मऊ पडतो, सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत चालतो. उघड्यावरच्या भागाला काळा फोम गुंडाळला, वर टेप मारली, नाहीतर उन्हानं फोमचा भुगा होतो. सोलरचा हवेचा पाइपही थंड टाकीच्या वर उंच नेला. पूर्वी तो आखूड होता आणि टाकी भरली की गच्चीवर पाणी सांडायचं. ते आम्ही इतकी वर्षं मुकाट पुसत आलो.

सामान नऊ हजार दोनशे, मजुरी साडेचार, नळी वेगळी. सामानाची पावती न मागता दिली.

आता तक्रार. वरच्या मजल्यावर एनआरव्हीमुळं धार किंचित कमीच वाटते. स्वयंपाकघरात एक जॉइंट रात्रभर ठिबकला. फोन केल्यावर सकाळी सातला येऊन नवा घातला, पैसे घेतले नाहीत. पण भिंतीला पाडलेली भगदाडं तशीच आहेत, "गवंडी धाडस" (पाठवतो) म्हणून गेले त्याला आज बारा दिवस झाले. बोलावणार असाल तर गवंडी स्वतःचा बघून ठेवा.