पॅराबेन: ओझोन की बुरशीचं लॅकेस?

शाम्पू-क्रीम टिकवणारी पॅराबेन शरीरात इस्ट्रोजेनची सौम्य नक्कल करतात आणि सांडपाण्यात उतरतात. तिथून ती काढायची कशानं, ओझोन वायूनं की लॅकेसनं? ओझोन त्यांना काही मिनिटांत फोडतो, पण वीज भरपूर खातो. शिवाय पाण्यात ब्रोमाइड असेल तर घातक ब्रोमेट तयार होण्याची भीती.

लॅकेस हे लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचं विकर (एन्झाइम). त्याच्या रेणूत तांब्याचे 4 अणू. पॅराबेनच्या फिनॉल गटातून (कार्बनच्या कड्याला जोडलेला OH) ते एकेक इलेक्ट्रॉन काढून विरघळलेल्या ऑक्सिजनला देतं आणि त्या ऑक्सिजनचं चक्क पाणी होतं! उरलेले रेणू एकमेकांना जोडले जाऊन जड होतात. यात तास जातात, पाणीही बहुधा किंचित आम्लधर्मी लागतं. तरी माझा कौल लॅकेसलाच, कारण मण्यांवर बसवलं की तेच विकर पुन्हा पुन्हा वापरता येतं.