एका फोल्डरच्या वीस खिडक्या: विंडोज ७ वर नवा ब्राउझर घातला, त्यानंतरचे आठ महिने

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, गावच्या लक्ष्मी यात्रेची पत्रकं, कुस्ती मैदानाची पोस्टरं. कर्नाटकात पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं हा नियम २०२४ मध्ये आला, तेव्हापासून पाट्यांचं कामही वाढलंय. दुकानात दोन कॉम्प्युटर. नव्यावर नेट चालतं, जुन्यावर पोट चालतं. जुना म्हणजे ३२ बिट विंडोज ७. पानं जुळवायला पेजमेकर ७, मराठी टायपिंगला श्रीलिपी, कन्नडला नुडी, आणि यांत केलेल्या पंधरा वर्षांच्या फायली. फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी दिसणाऱ्या अक्षरांच्या, आधीचे. फाईल दुसऱ्या मशीनवर नेली की नवरीच्या नावाचं काय होईल सांगता येत नाही. म्हणून मशीन बदलायचा विषय कुणी काढला की मी चहा सांगते.

त्या मशीनवर इंटरनेट एक्सप्लोरर ११ घातला, त्याचा हा अनुभव. जो ब्राउझर २०२२ च्या जूनमध्ये निवृत्त झाला तो आता कोण घालतं, असं विचाराल. हौस नव्हती. विंडोज ७ बरोबर त्याची ८ वी आवृत्ती येते, आणि नव्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरला त्याहून नवी हवी होती. सर्व्हिस पॅक १ आधीच होता. त्यावर लागणारी अपडेट पेनड्राईव्हवरून घातली आणि सेटअप लावलं. रीस्टार्टच्या वेळी ‘मशीन बंद करू नका’ असं स्क्रीनवर आलं आणि त्याच मिनिटाला लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली; तो टेबलाखाली पाय ठेवायला होता. तेव्हा दोष द्यायचा तर माझ्याच आळसाला.

लाईट आल्यावर मशीन निमूट सुरू झालं. ब्राउझर ११ दाखवत होता, प्रिंटरही चालला. मग मी फोल्डर उघडला.

माझ्या फोल्डरांची रचना अशी: आधी गाव, मग साल, मग कार्य, मग घर. नंदगड, २०२१, लग्न, आणि आत त्या घराचं आडनाव. चार डबल क्लिक. पूर्वी हे एकाच विंडोत व्हायचं, आता प्रत्येक क्लिकला नवी विंडो. गिऱ्हाईक समोर बसून पाच नमुने बघून गेलं की खाली टास्कबारवर वीस विंडो, आणि त्यांतल्या पाचांचं नाव ‘लग्न’. २ जीबी रॅमवर पेजमेकर धापा टाकायला लागलं. टास्कबारवर राइट क्लिक करून सगळ्या एकदम बंद करता येतात, पण मग ज्या फोल्डरात काम चाललंय तोही जातो.

आठवडाभर तसंच रेटलं. मग एके दिवशी त्या गर्दीत भलत्या ‘लग्न’मधली फाईल उघडली गेली आणि धाकटीच्या पत्रिकेच्या प्रूफवर थोरल्या जावयाचं नाव गेलं. मुलीचे वडील चष्मा सावरत म्हणाले, “वैनी, हे पाव्हणं चार वर्सामागचं की!” ते हसले म्हणून बरं. छापून गेलं असतं तर मला नंदगडला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

मग शोधाशोध. फोल्डर ऑप्शन्समध्ये जनरलखाली ‘ओपन ईच फोल्डर इन द सेम विंडो’वर टिंब होतंच. ते उलटं केलं, सुलटं केलं, रिस्टोर डिफॉल्ट्स दाबलं. व्ह्यूमध्ये ‘सेपरेट प्रोसेस’चा एक पर्याय असतो, तो बंदच होता. अँटीव्हायरसला काही सापडलं नाही. शेवटी कंट्रोल पॅनेलमधून एक नवं युजर अकाउंट काढून बघितलं. तिथंही नव्या विंडोच नव्या विंडो. ही तपासणी खरं तर पहिल्या दिवशी करायला हवी होती. दोन मिनिटांत कळतं की दुखणं आपल्या सेटिंगचं आहे की अख्ख्या मशीनचं. विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासणारी एसएफसी स्कॅननाऊ ही कमांड चालवली, तर फायली शाबूत असल्याचा निर्वाळा. दुरुस्तीवाला म्हणाला, “फॉरमॅट मारूया की.” त्याला काय, फॉन्ट मला घालायचे.

माझा भाचा पुण्यात याच क्षेत्रात आहे. त्याला फोन केला. सगळं ऐकून म्हणाला, “आत्या, फायली जागेवर आहेत गं, त्यांची नोंद पुसलीय.” मग त्यानं समजावलं. विंडोज ७ मध्ये फोल्डर दाखवणारा एक्सप्लोरर आणि हा ब्राउझर यांचे काही भाग सामाईक आहेत. आधीच उघड्या असलेल्या विंडोला ‘आता हा फोल्डर दाखव’ असा निरोप पोचवायला मध्ये डीएलएल नावाच्या मदतनीस फायली लागतात. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, त्यांची नोंद नसेल तर निरोप पोचत नाही, आणि एक्सप्लोरर नवी विंडो उघडून मोकळा होतो.

हे मला लगेच पटलं. सरकारी कचेरीबाहेर कन्नडमध्ये अर्ज लिहून देणारा बसतो ना, तसं. म्हातारी मराठीत सांगते, तो कन्नडमध्ये उतरवतो. तो आला नाही त्या दिवशी कचेरी उघडी असते, साहेब असतात, म्हातारी असते, आणि अर्ज काही सरकत नाही. एसएफसीनं नुसती हजेरी घेतली होती.

उपाय दोन ओळींचा निघाला. कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडायचं. नुसतं उघडलं की ८००७०००५ ने संपणारी एरर येते, मला आली. पहिली ओळ त्यानं अक्षर अक्षर सांगितली: आर-ई-जी-एस-व्ही-आर-३-२, एक जागा सोडून ए-सी-टी-एक्स-पी-आर-एक्स-वाय डॉट डी-एल-एल. एंटर. ‘सक्सीडेड’ असा डबा आला. दुसऱ्या ओळीत सुरुवात तीच, पण पुढं प्रोग्रॅम फाईल्समधल्या इंटरनेट एक्सप्लोरर फोल्डरातल्या आय-ई-पी-आर-ओ-एक्स-वाय डॉट डी-एल-एलचा पूर्ण पत्ता, आणि तो दुहेरी अवतरणात. पत्त्यात मोकळ्या जागा आहेत, अवतरण विसरलं की ओळ फसते. ६४ बिट विंडोज असेल तर कंसात एक्स-८६ लिहिलेल्या प्रोग्रॅम फाईल्समधल्या तशाच फाईलसाठीही ही ओळ चालवायची. रीस्टार्ट केलं. नंदगड, २०२१, लग्न, घर: एकच विंडो. आठवडाभराचा जाच चहा निवायच्या आत संपला.

आठ महिन्यांत दुखणं एकदाच उलटलं, तेही माझ्याच हातानं. तिसऱ्या महिन्यात मशीन हळू वाटलं म्हणून फुकटातला एक रजिस्ट्री क्लीनर चालवला. त्यानं ‘निरुपयोगी’ म्हणून बरंच काही झाडलं, आणि दुसऱ्या दिवशी परत खिडक्यांची रांग. त्याच दोन ओळी चालवल्या, परत ठीक. क्लीनर काढून टाकला. कॉम्प्युटरातला केर आपण काढू नये या मताची मी आता झालेय.

ब्राउझर म्हणून ११ वी आवृत्ती कशी आहे, हे मला विचारू नका. आजच्या बऱ्याच साइट त्यात उघडतच नाहीत. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेटही १४ जानेवारी २०२० ला थांबली, त्यामुळं या मशीनची नेटची वायर मी काढूनच ठेवलीय. प्रिंटरचं सॉफ्टवेअर मात्र एकदाही अडलं नाही, मला तेवढंच हवं होतं. तुमच्याकडं एखादं सॉफ्टवेअर अडून बसलं नसेल तर जुन्या मशीनवर हा खटाटोप करू नका. करायचाच असेल तर बिघडलं तर मशीन मागच्या स्थितीला नेता यावं म्हणून आधी सिस्टिम रिस्टोरचा पॉइंट घ्या, आणि त्याच्याही आधी यूपीएसची बॅटरी बदला. माझ्यात १२ व्होल्ट ७ एएचची बसली. पाय ठेवायला आता पाट आणलाय.

त्या दोन ओळी ऑर्डरच्या वहीच्या शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवल्यात. गेल्या आठवड्यात त्याच नंदगडच्या घरातलं बारशाचं कार्ड केलं, थोरलीच्या बाळाचं. एकाच विंडोत झालं. बाळाच्या वडिलांचं नाव मात्र दोनदा वाचलं.