लाइफ जॅकेट: फोमचं की फुगणारं?

बोट घेतली, जॅकेटवर अडलंय? मग हे बघा.

भरवसा: फोम पडताक्षणी तरंगतो, त्यात बिघडणारी यंत्रणाच नाही. फुगणाऱ्यात कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असतो. तो सैल किंवा वापरलेला असला, तर दोरी ओढून काही होत नाही. पण बेशुद्ध माणसाला उताणं करण्यात १५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे जॅकेट किती जोरानं तरंगवतं त्याचं माप) फुगणारं जॅकेट सरस. ५० न्यूटनचं फोम पोहणाऱ्याला आधार देण्यापुरतंच.

सोय: फोममध्ये उकडतं, म्हणून लोक ते काढून ठेवतात. बाकावरचं जॅकेट कुणाला वाचवणार?

खर्च: फुगणारं महाग, वर सिलिंडर बदलणं आलंच.

लहान मुलं, पोहता न येणारे: फोमच, तेही १०० न्यूटनचं, कॉलरवालं. जेट-स्कीलाही फोम. शिडाच्या बोटीवर दिवसभर वावरणाऱ्या आणि सिलिंडर न चुकता तपासणाऱ्याला फुगणारं.