पेस की बोपण्णा? डबल्सचे दोन वेगळे रस्ते
टेनिसचे लिअँडर पेस न् रोहन बोपण्णा, दोघंही डबल्सवालेच, पण करिअर अगदी उलटी. पेसचं लवकर जमलं, १९९६ ला अटलांटा ऑलिंपिकमध्ये सिंगल्सचं ब्राँझ, मग १९९९ ला महेश भूपतीबरोबर चारही ग्रँड स्लॅमच्या फायनल आणि त्यातल्या फ्रेंच न् विम्बल्डन खिशात. पुरुष डबल्सची एकूण ८ ग्रँड स्लॅम टायटल्स, मिक्स्डची १०, आकड्यांत बोपण्णा जवळपास पण नाही. नेटवर पेस असला की समोरच्याला रिटर्न कुठे मारावा तेच कळायचं नाही, सर्व्हिस फार जोरदार नसूनही.

बोपण्णाकडे उलट तोफेसारखी सर्व्हिस, पण २०१० ची यूएस ओपन फायनल पाकिस्तानच्या कुरेशीसोबत खेळून दोन टायब्रेकमध्ये अमेरिकेच्या ब्रायन बंधूंकडे गेली आणि पुरुष डबल्सचं पहिलं ग्रँड स्लॅम यायला २०२४ उजाडलं, ऑस्ट्रेलियन ओपन, जोडीला ऑस्ट्रेलियाचा एब्डन, वय ४३, आणि डबल्सच्या रँकिंगमध्ये नंबर वन पण तेव्हाच! त्याआधी गुडघ्यातली कूर्चा झिजलेली, पेनकिलर चालू, अय्यंगार योगाने (आपल्या पुण्याचाच की तो) सावरलं म्हणतो.

ग्रेट कोण विचाराल तर पेसच, पण डबल्समध्ये करिअर करायचंय त्या पोरांनी मात्र बोपण्णाच्या मॅचेस बघाव्यात, कारण पेससारखे हात जन्मतःच लागतात.