ऑडी टीटी कूपे : मागचे आसन सोडून बाकी सगळे

नागपुरात साठ लाखांच्या आसपास गाडी घ्यायची म्हटली की बहुतेक जण उंच एसयूव्हीकडे वळतात, आणि त्यांचे फारसे चुकते असेही नाही. सिमेंट रस्त्यांचे सांधे, वस्तीतल्या लोकांनी स्वतःच्या हिशेबाने घातलेले गतिरोधक आणि पावसाळ्यात चौकाचौकांत साचणारे पाणी यांचा विचार केला, तर जमिनीलगत बसणारी दोन दारांची गाडी हा इथे हौसेचाच मामला ठरतो. तिसऱ्या पिढीची ऑडी टीटी २०१५ मध्ये भारतात आली तेव्हा तिची किंमत एक्स-शोरूम सुमारे ६० लाख रुपये होती. २०२३ मध्ये तिचे उत्पादनच थांबले, त्यामुळे आता जी मिळेल ती वापरलेलीच. धरमपेठेतल्या एका स्नेह्यांकडे अशी एक टीटी आहे आणि ती शहरात तसेच शहराबाहेर मनसोक्त चालवायला मिळाली. तिच्याबद्दलचे हे मत आहे.

१९९५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात मांडलेल्या संकल्पनेवरून १९९८ मध्ये रस्त्यावर आलेल्या पहिल्या टीटीचा गोलाकार घाट या पिढीतही ओळखू येतो; फक्त कडा अधिक धारदार झाल्या आहेत आणि पुढची जाळी रुंद, बसकी झाली आहे. लांबी ४.१८ मीटर, म्हणजे बाजारातल्या अनेक सेडान हिच्यापेक्षा लांब असतात. सीताबर्डीच्या गर्दीत किंवा गोकुळपेठेत भाजीच्या वेळी गाडी लावताना या आखूडपणाचे मोल कळते. सर्वांत देखणा तपशील मात्र मागच्या बाजूला आहे : पेट्रोल भरण्याचे गोल, धातूचे, भोवती स्क्रूंची माळ असलेले झाकण. ते उघडले की आत फिरवून काढायचे दुसरे बूच नाही, नोझल थेट आत जाते. पंपावरचा मुलगा आधी बूच शोधतो, मग आपल्याकडे पाहतो, असा अनुभव ठरलेला.

आत बसल्यावर या गाडीची खरी करामत दिसते. डॅशबोर्डच्या मध्यभागी पडदाच नाही. वेग, नकाशा, गाणी, फोन, सगळे काही चालकासमोरच्या १२.३ इंची डिजिटल फलकावर येते. ही मांडणी ऑडीने सर्वप्रथम याच गाडीत आणली. शेजारी बसणाऱ्याला गाणे बदलायचे असेल तर चालकाची मनधरणी करावी लागते, ही तक्रार अनेक जण करतील, पण चालकाची नजर रस्त्यावरून कमी हलते हे तितकेच खरे. त्याहून हुशारीची गोष्ट एसीच्या गोल झरोक्यांची. मधल्या तीन झरोक्यांच्या पोटातच बटणे आणि छोटे आकडे बसवले आहेत, त्यामुळे तापमान कमी करायचे तर जिथून गार हवा येते तिथेच बोट न्यायचे. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, हात आपोआप झरोक्याकडेच जातो. तिथेच कळ असावी हे सुचायला जर्मनीतल्या अभियंत्यांना आमचा उन्हाळा पाहावा लागला नाही, याचे कौतुक वाटते. कडेच्या दोन झरोक्यांत आसन गरम करण्याची सोय ठेवली आहे, तिच्याबद्दल विदर्भात न बोललेलेच बरे.

मागची दोन आसने नावापुरती आहेत. लहान मुले बसतील; मोठ्या माणसाचे डोके उतरत्या काचेला टेकते. ती आसने पाडून टाकली की मात्र ३०५ लिटरची डिकी ७१२ लिटरची होते, आणि मागचे दार काचेसकट वर उघडत असल्याने मोठ्या बॅगा विनासायास आत जातात. दोघांच्या चार दिवसांच्या प्रवासाला एवढी जागा पुरून उरते.

दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन २३० अश्वशक्ती आणि ३७० न्यूटन मीटर टॉर्क देते, सहा गतींचा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आहे, चारही चाकांना ओढ मिळते आणि शून्यावरून शंभरचा वेग ५.३ सेकंदांत गाठता येतो, असे कंपनीचा आकडा सांगतो. आकड्यांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे हा जोर इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच हाती येतो, त्यामुळे वर्धा रोडवर सिग्नल सुटल्यावर इंजिनाला ओरडायला न लावताही गाडी सरसर पुढे निघते. बाहेरचे पत्रे ॲल्युमिनियमचे असल्याने वजन १,३५० किलोच्या आत राहिले आहे. सेमिनरी हिल्सच्या वळणांवर तो हलकेपणा स्टीअरिंगमध्ये लगेच जाणवतो. नाक वळले की मागचा भाग कुरकुर न करता पाठोपाठ येतो. अगदी कडेपर्यंत खेळवण्याची मजा हवी असेल, तर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या जास्त बोलक्या असतात. टीटी चालकाला सांभाळून घेते, आणि ओल्या रस्त्यावर मला तेच पसंत पडले.

समृद्धी महामार्गावर एक गमतीशीर योग जुळतो. वेगात मागचा भाग रस्त्याला दाबून धरणारा पंख (स्पॉइलर) १२० च्या वेगाला आपोआप वर येतो आणि ८० च्या खाली आत जातो; सपाट भागात मोटारींसाठी महामार्गाची वेगमर्यादाही १२० च आहे. हा पंख शोभेचा नव्हे. पहिली टीटी बाजारात आली तेव्हा तो नव्हता. अतिवेगात गाडीवरचा ताबा सुटून युरोपात गंभीर अपघात झाले, आणि त्यानंतर कंपनीने आधी विकलेल्या गाड्यांनाही पंख आणि ईएसपी (गाडी घसरू लागली की तिला आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बसवून दिले. आजच्या गाडीत त्या अस्थिरतेचा मागमूस नाही. या रस्त्यावर खटकतो तो आवाज : काँक्रीटवर रुंद टायरांची घरघर आत एवढी येते की गप्पा मारताना आवाज चढवावा लागतो.

सस्पेन्शन कडक आहे. ‘कम्फर्ट’ निवडले तरी सिमेंट रस्त्याचा प्रत्येक सांधा पाठीला कळतो, आणि उंच गतिरोधक तिरके घेतले नाहीत तर पोट घासलेच म्हणून समजा. त्यामुळे घरात रोजच्या वापराची दुसरी गाडी असेल तरच टीटीचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तशी सोय असलेल्या आणि बहुतेक वेळा दोघांनीच फिरणाऱ्या माणसाला मात्र एसयूव्हीत हे सुख मिळणार नाही.

वापरलेली घेताना गिअरबॉक्सचे तेल ६०,००० किलोमीटरला बदलल्याची नोंद मागावी, मागच्या चाकांना ओढ देणाऱ्या क्लचच्या तेलाचीही विचारणा करावी आणि खालचे आवरण गाडी लिफ्टवर चढवून पाहावे. टायरांकडे विशेष लक्ष द्यावे. अशा गाड्या फार चालत नाहीत, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते पण रबर जुने होऊन कडक झालेले असते, आणि उन्हात तापलेल्या काँक्रीटवर टायर फुटून काय होते हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. टायरच्या बाजूवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. वर्ष जुने असेल तर चारही टायरांचा खर्च किमतीतून आधीच वजा करून घ्यावा.